शुगर खानदानी म्हणता, मग किडनीबद्दल गप्प का?

मधुमेहाबद्दल बोलायला आपल्या समाजात कुणी लाजत नाही. लग्नाच्या दावतीत बिर्याणी संपून मीठा समोर आला की कुणीतरी हसत हसत सांगतंच, "हमारे तो खानदान में ही शुगर है." दादीला होती, अब्बांना आहे, आता मलाही निघाली. ऐकणारे मान डोलावतात आणि मीठ्याची वाटी तरीही पुढे सरकते. पण त्याच खानदानात चाचांची किडनी निकामी झाली होती, फुफी शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर होत्या, ही गोष्ट कुणी दावतीत सांगत नाही. विचारलंच तर "गोळ्यांची गर्मी झाली", "वय झालं होतं", "अल्लाह की मर्जी" अशी उत्तरं मिळतात आणि विषय संपतो.

शुगर खानदानी असल्याचं आपण उघड सांगतो आणि किडनीचा आजार झाकून ठेवतो. माझ्या मते हे उलटं आहे. मधुमेह असलेल्या माणसाला स्वतःच्या घराबद्दल एखादी गोष्ट माहीत असायलाच हवी असेल, तर ती ही की आपल्या रक्ताच्या नात्यात कुणाची किडनी बिघडली होती का. मी डॉक्टर नाही, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण या विषयावर जे वाचलं आणि समजून घेतलं, त्यावरून एवढं नक्की म्हणता येतं की या गप्प बसण्याची किंमत पुढची पिढी मोजते.

आधी मूळ गोष्ट. मधुमेह झालेल्या प्रत्येकाची किडनी खराब होत नाही. साधारण दहापैकी तीन ते चार जणांना किडनीचा त्रास होतो. बाकीच्यांना वीस-पंचवीस वर्षं शुगर असूनही किडनी टिकून राहते. यात नशिबाचा भाग किती आणि कारणांचा किती, हा प्रश्न डॉक्टरांनाही पूर्वीपासून पडलेला आहे. काही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. शुगर किती वर्षं आहे, किती वाढलेली राहते, ब्लड प्रेशर आहे का, तंबाखू-सिगारेट आहे का. पण एकाच डॉक्टरकडे जाणारे, सारखीच शुगर असलेले दोन पेशंट घेतले, तरी एकाच्या लघवीतून प्रथिनं जायला लागतात आणि दुसऱ्याच्या जात नाहीत. हा फरक कुठून येतो?

याचं एक उत्तर 1989 साली अमेरिकेतल्या मिनेसोटामधून आलं. तिथल्या संशोधकांनी लहानपणापासून इन्सुलिनवर असलेले मधुमेही घेतले आणि त्यांच्या मधुमेह असलेल्या भावा-बहिणींची तपासणी केली. ज्यांची किडनी मधुमेहामुळे खराब झाली होती, त्यांच्या भावंडांपैकी 83 टक्के जणांच्या किडनीत बिघाड आढळला. ज्यांची किडनी चांगली होती, त्यांच्या भावंडांत हे प्रमाण फक्त 17 टक्के होतं. पाहणी छोटी होती, दोन्ही मिळून 41 भावंडं. पण फरक इतका ठळक होता की त्याकडे दुर्लक्ष करणं शक्य नव्हतं. या सगळ्या भावंडांना मधुमेह होताच. वेगळी होती ती किडनीची गोष्ट, आणि ती घराघरांत सारखी चालत होती.

दुसरं उदाहरण ॲरिझोनातल्या पिमा या मूळनिवासी जमातीचं. या लोकांत मधुमेहाचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त मानल्या गेलेल्या समूहांइतकं आहे आणि तिथे 1965 पासून त्यांचा अभ्यास सुरू झाला. 1990 साली तिथले आकडे प्रसिद्ध झाले. मधुमेह झालेल्या मुलामुलींपैकी, ज्यांच्या आईवडिलांपैकी कुणाच्याही लघवीतून प्रथिनं जात नव्हती, त्यांच्यात हा त्रास सुमारे 14 टक्के जणांना होता. एका पालकाला असेल तर 23 टक्के. दोघांनाही असेल तर 46 टक्के. अगदी पायऱ्या चढावं तसं प्रमाण वाढत गेलं.

म्हणजे मधुमेहाचा वारसा वेगळा आणि मधुमेहात किडनी बिघडण्याचा वारसा वेगळा. एका घरात पहिला असेल आणि दुसरा नसेल. दुसऱ्या घरात दोन्ही असतील. "खानदान में शुगर है" एवढं सांगून आपण अर्धीच माहिती देतो.

वारसा म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग तो जीन कोणता? इथे लोकांची मोठी गैरसमजूत असते. एक खराब जीन सापडेल, त्याची तपासणी होईल, आणि ज्याच्यात तो असेल त्याची किडनी जाणार, असं चित्र डोक्यात असतं. मधुमेहातल्या किडनीच्या आजाराबाबत तसं नाही. यात अनेक जीन थोडा थोडा हात लावतात. एखादा ब्लड प्रेशरच्या बाजूने, एखादा किडनीतल्या गाळणीच्या बांधणीतून, एखादा सूज आणि व्रण भरण्याच्या पद्धतीतून. प्रत्येकाचा वाटा लहान.

2019 साली सुमारे वीस हजार टाइप-1 मधुमेही लोकांच्या जनुकांची तुलना करणारा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात ठळकपणे जो जीन पुढे आला त्याचं नाव सीओएल-4-ए-3. किडनीत रक्त गाळणारे जे लाखो बारीक गुच्छ असतात, त्यांच्या भिंतीतलं एक प्रकारचं कोलाजन तयार करण्याचं काम हा जीन करतो. गंमत अशी की त्यात सापडलेला बदल किडनीचं रक्षण करणारा होता. ज्यांच्यात तो बदल आहे, त्यांना मधुमेहात किडनीचा त्रास कमी होतो. म्हणजे वारशाने फक्त संकटच येतं असं नाही, कवचही येतं. ज्या दादीला चाळीस वर्षं शुगर होती आणि किडनी शेवटपर्यंत ठणठणीत होती, तिनेही तुम्हाला काहीतरी दिलेलं असू शकतं.

दुसरी गोष्ट आफ्रिकेतली, आणि ती मला फार विचार करायला लावते. आफ्रिकेत त्सेत्से नावाच्या माशीमुळे झोपेचा आजार पसरतो. या आजाराच्या जंतूला मारणारं एक प्रथिन आपल्या सगळ्यांच्या रक्तात असतं, त्याच्या जीनचं नाव एपीओएल-1. आफ्रिकेतल्या काही लोकांत या जीनमध्ये असे बदल झाले की ज्या जंतूवर साध्या प्रथिनाचा इलाज चालत नव्हता, तोही मरू लागला. ज्यांच्यात हा बदल होता ते वाचले, त्यांची मुलंबाळं वाढली, बदल पसरत गेला. 2010 साली लक्षात आलं की हाच बदल आई आणि वडील दोघांकडूनही आला, तर किडनीच्या आजाराचा धोका खूप वाढतो. अमेरिकेतल्या काळ्या लोकांपैकी सुमारे 13 टक्के लोकांत अशा दोन प्रती असतात. 2013 मधल्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांना किडनीचा आजार आधीच आहे, त्यांच्यात दोन प्रती असतील तर आजार वेगाने वाढतो, मधुमेह असो वा नसो.

अमेरिकेत काळ्या लोकांची किडनी जास्त प्रमाणात का जाते, याचं उत्तर पूर्वी बहुतेक वेळा त्यांच्या राहणीवर ढकललं जायचं. गरिबी, भेदभाव आणि दवाखान्यापर्यंत न पोहोचणं ही कारणं खरीच आहेत, आजही आहेत. पण त्यात पूर्वजांचा जीव वाचवणारा हा बदलही होता. त्यांचं चारित्र्य वाईट नव्हतं आणि त्यांचं रक्तही वाईट नव्हतं. ज्या गोष्टीने पणजोबांना वाचवलं, तीच पणतूला जड गेली. ज्याला आपण घराण्याचा दोष म्हणून लपवतो, त्यात दोष हा शब्द बसतच नाही, हे यातून शिकण्यासारखं आहे.

हा एपीओएल-1 चा बदल मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो. तो आपला प्रश्न म्हणून मी इथे मांडत नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. जगातल्या जनुकीय अभ्यासांत भाग घेतलेले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे आहेत. वर सांगितलेला वीस हजार लोकांचा अभ्यासही युरोपीय वंशाच्या लोकांचाच होता. भारतात दहा हजार लोकांचे संपूर्ण जीनोम वाचण्याचा 'जीनोम इंडिया' हा प्रकल्प झाला आणि त्याची माहिती जानेवारी 2025 मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. सुरुवात चांगली आहे. पण ज्या देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असं 2023 साली आयसीएमआरच्या पाहणीत दिसलं, त्या देशासाठी हे पहिलं पाऊल आहे. त्याच पाहणीत गोव्यातलं प्रमाण देशात सगळ्यात जास्त, 26.4 टक्के निघालं. आपल्या अगदी शेजारी चार मोठ्या माणसांमागे एकाला शुगर आहे.

म्हणूनच "जीन टेस्ट करा, तुमच्या मुलांचं भविष्य जाणून घ्या" अशा जाहिरातींना भुलू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. थुंकीचा नमुना पाठवून हजारो रुपये मोजायचे आणि हाती येणार रंगीत आलेखांचा कागद. मधुमेहातल्या किडनीसाठी असा कागद आज तुमच्या डॉक्टरचा एकही निर्णय बदलत नाही. साखर आवरा, बीपी आवरा, लघवी तपासा, हे तो कागद न बघताही सांगता येतं. उलट कागदावर "धोका कमी" लिहून आलं तर माणूस बेफिकीर होतो. याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. शुगर असलेल्या प्रत्येकाची किडनी शुगरनेच जाते असं नाही. तरुण वयात किडनी गेली, शुगर नवीन असताना गेली, डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा काहीच परिणाम नाही पण किडनी खराब आहे, किंवा घरात शुगर नसलेल्यांच्याही किडन्या गेल्या आहेत, अशा वेळी आजार दुसराच असू शकतो. किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार असा आहे की आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. अशा घरात किडनीच्या डॉक्टरांनी सांगितलेली जनुकीय तपासणी उपयोगाची ठरते. पण ती जाहिरात बघून करायची नाही, डॉक्टरांनी सांगितली तर करायची.

आता एक नाजूक मुद्दा. मुसलमान आणि आनुवंशिक आजार असा विषय निघाला की कुणीतरी लगेच म्हणतं, "तुमच्यात चुलत भावंडांत लग्नं होतात ना, म्हणून." यावर चिडून उपयोग नाही आणि मान खाली घालूनही नाही, नीट समजून घ्यायला हवं. जवळच्या नात्यात लग्न झालं तर आई आणि वडील दोघांकडून एकच दुर्मीळ दोष मुलाकडे येण्याची शक्यता वाढते, हे खरं आहे. सख्ख्या चुलत, मामे किंवा मावस भावंडांचे साधारण एक अष्टमांश जीन सामाईक असतात. किडनीचेही असे काही आजार आहेत. वर ज्या कोलाजनच्या जीनचं नाव घेतलं, त्यातला वेगळा आणि गंभीर बिघाड दोन्हीकडून आला तर अल्पोर्ट नावाचा आजार होतो. त्यात लहान वयात लघवीतून रक्त जातं, ऐकू कमी येतं आणि तरुणपणी किडनी निकामी होऊ शकते. ज्या घरात असा आजार झालेला आहे, तिथे नात्यात लग्न ठरवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यायलाच हवा. शरियतने अशा लग्नाला परवानगी दिली आहे, ते बंधनकारक केलेलं नाही. परवानगी आणि सक्ती यांतला फरक आपण विसरतो.

पण मधुमेहातली किडनी ही त्या जातीची गोष्ट नाही. ती अनेक जीन आणि अनेक वर्षांची राहणी मिळून घडते. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात कित्येक हिंदू घरांतही आहे, आणि ज्यांच्यात नात्यात लग्न अजिबात चालत नाही त्यांच्यातही डायलिसिसचे पेशंट कमी नाहीत. तेव्हा नात्यातल्या लग्नाच्या नावाने टोमणा मारणाऱ्यालाही आणि "आमच्यात नात्यात लग्न नाही, आम्हाला भीती नाही" म्हणणाऱ्यालाही उत्तर एकच, लघवी तपासून घ्या.

वारशात जीनशिवाय आणखी बरंच काही येतं, हेही विसरून चालणार नाही. पुण्यातल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची निघाली, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनची 3.5 किलोची. पण ही हडकुळी दिसणारी बाळं चरबीच्या बाबतीत तेवढी मागे नव्हती, कमी होते ते स्नायू आणि अवयव. वजनाने बारीक, आतून चरबीची. अशा शरीरात पुढे मधुमेहाला जागा सापडते. किडनीचंही तसंच. प्रत्येक किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात. त्या सगळ्या आईच्या पोटातच तयार होतात, जन्मानंतर नवीन होत नाहीत. बाळ कमी वजनाचं जन्मलं तर गाळण्याही कमी असण्याची शक्यता असते, आणि पुढे शुगर-बीपीचा भार तेवढ्याच गाळण्यांवर पडतो. सुनेने सगळ्यांच्या नंतर, उरलंसुरलं खायचं ही घरातली रीत नातवाच्या किडनीपर्यंत पोहोचते. याला जीन म्हणता येणार नाही, पण वारसा नक्कीच म्हणता येईल.

तसाच वारसा स्वयंपाकघरातून येतो. लोणचं, पापड, खारवलेली मासळी, प्रत्येक कालवणात वरून मीठ. दाढदुखीला, गुडघेदुखीला मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. शुगर "मुळापासून" घालवण्यासाठी कुणीतरी दिलेली भस्माची पुडी, ज्यात काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. नाजूक किडनीला हे सगळं विषासारखं लागू शकतं. एका पिढीची सवय दुसऱ्या पिढीत जाते आणि मग आपण म्हणतो, खानदानी आहे.

आता मूळ प्रश्न. घरातल्या किडनीबद्दल आपण गप्प का बसतो? खरं कारण सगळ्यांना माहीत आहे, रिश्ते. मुलगी लग्नाची आहे, तिच्या अब्बांचं डायलिसिस चालू आहे, हे बाहेर कळलं तर स्थळं येणार नाहीत. मग अब्बा आठवड्यातून दोनदा "कामानिमित्त" शहरात जातात. ही भीती खोटी नाही, मुलींच्या आयांवर काय ओझं असतं ते मी जवळून पाहिलं आहे. पण लपवण्याने काय होतं ते बघा. मुलीला पंचविसाव्या-तिसाव्या वर्षी, बाळंतपणात शुगर निघते. डॉक्टर विचारतात, घरात कुणाला किडनीचा त्रास? ती म्हणते, नाही. कारण तिला घरात नेमकं काय झालं होतं ते कधी नीट सांगितलंच नाही, किंवा सासू शेजारी बसलेली असते. डॉक्टर नेहमीच्या सूचना देतात. ज्या मुलीवर जास्त लक्ष ठेवायला हवं होतं, ती यादीत साधी पेशंट म्हणून जाते. आपण तिचा रिश्ता वाचवला आणि तिची किडनी धोक्यात घातली.

आणि खरं सांगायचं तर हा दोष एकट्या लपवणाऱ्यांचा नाही. स्थळ बघताना "घरात काही आजार?" असं विचारून नकार देणारे आपणच असतो. ज्यांच्या स्वतःच्या घरात तीन-तीन जणांना शुगर आहे, ते दुसऱ्याच्या घरातल्या डायलिसिसवरून नाक मुरडतात. आनुवंशिक धोका म्हणजे सोयरिक मोडण्याचं कारण नाही. ज्यावर वेळेत इलाज होऊ शकतो अशा धोक्यासाठी मुलींना नाकारणं हा अन्याय आहे, आणि त्या अन्यायाच्या भीतीने पसरलेलं मौन त्याहून घातक आहे.

दुसरं कारण आपण तक्दीरचं देतो. नशिबात असेल ते होईल. उर्दूत तक्दीरच्या शेजारी एक शब्द कायम येतो, तदबीर. म्हणजे उपाय, योजना, हातपाय हलवणं. माझ्या वर्गातली मुलं या दोन शब्दांचे अर्थ लिहितात तेव्हा विरुद्धार्थी म्हणून लिहितात. मला ते सोबती वाटतात. वारशात काय आलं ही तक्दीर, आलेल्याचं काय केलं ही तदबीर. आणि मधुमेहातल्या किडनीबाबत तदबीर खरोखर चालते, याला पुरावे आहेत.

डेन्मार्कमधल्या स्टेनो-2 या अभ्यासात 160 मधुमेही होते. सगळ्यांच्या लघवीतून थोडी प्रथिनं जायला आधीच सुरुवात झाली होती, म्हणजे धोक्याच्या रेषेपलीकडचेच लोक. निम्म्यांवर नेहमीचे उपचार झाले. निम्म्यांची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम या सगळ्यांकडे एकाच वेळी काटेकोर लक्ष दिलं गेलं. सुमारे आठ वर्षांनंतर, 2003 साली आलेल्या निकालात, दुसऱ्या गटात किडनीचा आजार पुढे सरकण्याचा धोका जवळपास साठ टक्क्यांनी कमी दिसला. 2001 मध्ये लोसार्टन या बीपीच्या जुन्या गोळीने मधुमेहींत किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका 28 टक्क्यांनी कमी केल्याचं सिद्ध झालं. ती गोळी आज स्वस्तात मिळते. त्यानंतर लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी नवी औषधं आली. त्यातलं डापाग्लिफ्लोझिन 2020 च्या अभ्यासात किडनीलाही वाचवतं असं दिसलं, आणि त्याच वर्षी भारतात त्याचं पेटंट संपल्यावर अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. ही औषधं स्वतःच्या मनाने घ्यायची नाहीत, पण डॉक्टरांना "मला ती चालतील का?" एवढं विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

हे सगळं वेळेत व्हायला मात्र एक तपासणी लागते. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण बघणारी ही साधी तपासणी, तिला लॅबमध्ये एसीआर म्हणतात. आकडा 30 पेक्षा कमी असेल तर ठीक. 30 ते 300 म्हणजे सुरुवात झाली, आणि हीच वेळ सगळ्यात मोलाची. 300 च्या वर म्हणजे नुकसान बरंच पुढे गेलं. ताप, लघवीचा संसर्ग, पाळीचे दिवस यांमुळे आकडा तात्पुरता वाढू शकतो, म्हणून वाढलेला दिसला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ई-जीएफआर. बरेच लोक फक्त क्रिएटिनिन बघून "नॉर्मल आहे" म्हणत निश्चिंत होतात. पण किडनीची जवळपास निम्मी ताकद जाईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकतं. पायाला सूज आली, लघवीला फेस आला, मग बघू, असं म्हणणारा खूप उशिरा पोहोचतो. टाइप-2 मधुमेह निघाला त्याच दिवसापासून दरवर्षी, आणि लहानपणीच्या टाइप-1 मध्ये पाच वर्षांनंतर दरवर्षी, ही तपासणी व्हायला हवी. घरात किडनीचा इतिहास असेल तर एकही वर्ष चुकवू नये.

रमजानबद्दल दोन शब्द. किडनी बरीच खराब झालेल्या, डायलिसिसवर असलेल्या मधुमेहींना रोजा धोक्याचा आहे. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिलेली आहे. बरा झाल्यावर कजा रोजे आहेत, बरं होणं शक्यच नसेल तर फिदया आहे. तरीही "तीस वर्षांत एक रोजा सोडला नाही" या अभिमानाने कित्येक बुजुर्ग डॉक्टरांपासून रोजा लपवतात. मुलांनी त्यांना प्रेमाने, आदराने समजवावं, आणि रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडे न्यावं.

आणखी एक बाजू आहे. किडनी बदलायची वेळ येते तेव्हा देणारा घरातच शोधला जातो. भारतात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे सगळ्यांना माहीत आहे. भावासाठी बहीण पुढे येते. पण मिनेसोटाची ती भावंडं आठवा. ज्या वारशाने भावाची किडनी गेली, तोच वारसा बहिणीतही असू शकतो. म्हणून तिची स्वतःची शुगर, बीपी, लघवी यांची कसून तपासणी व्हावी, आणि तिला "नाही" म्हणायची मोकळीक असावी. प्रेमापोटी दिलेली किडनी उद्या तिलाच डायलिसिसच्या खुर्चीवर बसवू नये.

उर्दूत आनुवंशिक आजाराला मौरूसी मर्ज म्हणतात. मौरूसी, मीरास, वारिस, सगळे एकाच मुळातून आलेले शब्द. मीरास कशी वाटायची याचे नियम आपल्याकडे अगदी बारीक आहेत. कफन-दफनाचा खर्च निघाला की वाटणीच्या आधी कर्ज फेडायचं असतं. वारसांपासून कर्ज लपवणारा त्यांचं भलं करत नाही, हे आपल्याला जमिनीच्या बाबतीत पटतं. सातबाऱ्यावरचा बोजा आपण दहादा वाचतो. शरीरावरचा बोजाही तसाच वाचायला हवा.

म्हणून या ईदला सगळे एकत्र जमाल तेव्हा एक वही काढा. दादा-दादी, नाना-नानी, चाचा, फुफी, मामू, खाला. प्रत्येकाच्या नावापुढे लिहा, शुगर कोणत्या वयात निघाली, बीपी होतं का, किडनीचा त्रास झाला का, डायलिसिस झालं का, डोळ्यांचं लेसर झालं का. जे हयात आहेत त्यांना विचारा, जे गेले त्यांच्याबद्दल मोठ्यांना विचारा. हे घरातल्या म्हाताऱ्या बायकांना सगळ्यात जास्त माहीत असतं. त्या पानाचा फोटो घरातल्या प्रत्येक मुला-मुलीच्या मोबाइलमध्ये जाऊ द्या, सुनांच्याही आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींच्याही. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा ते पान दाखवा आणि विचारा, माझं एसीआर कधी करायचं? मशिदीच्या कमिट्या रक्तदानाची शिबिरं भरवतात, तशीच वर्षातून एकदा लघवीच्या या तपासणीची भरवता येतील, आणि त्यात बायकांसाठी वेगळी वेळ ठेवता येईल.